उजवी बाजू नसलेले मेनूकार्ड

मध्यमवर्गीय मराठी कुटुंब एखाद्या झकपक हॉटेलात शिरले की मेनूकार्ड डावीकडून वाचले जात नाही. नजर आधी उजवीकडच्या आकड्यांवर जाते. वडील चेहऱ्यावर काही न दाखवता मनातल्या मनात बेरीज करू लागतात. आई म्हणते, "अहो, मला फारशी भूक नाही, तुमच्यातलंच थोडं घेईन." मोठी मुलगी बाबांचा चेहरा बघून सूप नको म्हणते, आणि धाकटा मात्र सगळ्यांत महागड्या पदार्थावर बोट ठेवून मोकळा होतो. मग जेवण कसे होते यापेक्षा ते हिशेबात बसले की नाही, याचीच चर्चा घरी पोचेपर्यंत चालते. हॉटेल जितके देखणे, तितका संकोच जास्त. सुंदर जागी बसून निवांत जेवणे आपल्याकडे वाढदिवसासाठी, पहिल्या पगारासाठी, नाहीतर दहावीच्या निकालासाठी राखून ठेवलेले असते.

भूमध्य समुद्राकाठच्या एका मोठ्या शहरात हा संकोच कामाच्या दिवशी दुपारी दोन-अडीच तास हद्दपार होतो. ते शहर म्हणजे स्पेनमधले बार्सिलोना. तिथे दुपारी एक वाजून गेला की हॉटेलांच्या दारात काळे फळे दिसू लागतात. त्यांवर खडूने पहिल्या वाढपाचे चार-पाच पदार्थ, दुसऱ्या वाढपाचे चार-पाच, शेवटी गोड किंवा कॉफी, आणि सगळ्यांत खाली एकच आकडा लिहिलेला असतो. पदार्थांपुढे वेगवेगळ्या किमती नसतात, म्हणजे मेनूकार्डाला उजवी बाजूच नसते. स्पॅनिश आणि कातालान या दोन्ही भाषांत त्याला म्हणतात ‘मेनू देल दिया’, म्हणजे आजचे जेवण.

त्या एका आकड्यात पहिले वाढप, दुसरे वाढप, पाव, पाणी किंवा वाइन आणि गोड पदार्थ एवढे येते. बहुतेक ठिकाणी करही त्यातच धरलेला असतो. बार्सिलोनात आज हा आकडा जागेनुसार साधारण 14 ते 20 युरोंच्या घरात असतो. एक युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला, तर माणशी दीड-दोन हजार रुपये होतात. हे ऐकून पुण्यातली गृहिणी डोळे मोठे करील, आणि तिचे काही चुकणार नाही. पण स्वस्त-महाग हे त्या गावच्या मिळकतीवर ठरते. स्पेनमध्ये 2025 साली किमान वेतन महिन्याला 1184 युरो होते, आणि ते वर्षातून चौदा वेळा मिळते. अनेक कंपन्या नोकरदारांना जेवणाची कूपने देतात आणि दिवसाला 11 युरोंपर्यंतच्या कूपनांवर प्राप्तिकर लागत नाही. त्यामुळे बँकेतला कारकून, दुकानातली विक्रेती, रंगकाम करणारा कारागीर हे सगळे दुपारी त्याच खोलीत जेवतात. रात्री तिथेच सुटे पदार्थ मागवणाऱ्या पाहुण्यांचे बिल सहज दीडपट-दुप्पट होते. आणि प्रवासाला गेलेल्या चौघांच्या कुटुंबाला 16 युरोंच्या पाटीखाली बसताना आधीच ठाऊक असते की उठताना 64 युरो द्यायचे आहेत. घासाघासाला बेरीज करावी लागत नाही, ही सवलत किमतीइतकीच मोलाची आहे.

या पद्धतीचा उगम मात्र चुलीपाशी नाही, सरकारी कचेरीत आहे. 1964 साली, जनरल फ्रँकोच्या हुकूमशाहीत, माहिती व पर्यटन खात्याचे मंत्री मानुएल फ्रागा यांच्या काळात हुकूम निघाला की हॉटेलांनी पर्यटकांसाठी ठरीव दराचे जेवण ठेवलेच पाहिजे. परदेशी पाहुण्यांची लूट होऊ नये आणि देशाचे नाव चांगले राहावे, हा हेतू. पर्यटकांसाठी काढलेली ही योजना उचलून धरली ती गावातल्याच लोकांनी. दुपारी घरी जाऊन जेवण्याची सवय मोठ्या शहरात मोडत चालली होती. कारखान्यातल्या आणि ऑफिसातल्या माणसांना घरच्यासारखे जेवण कामाजवळ हवे होते. किमती ठरवणारा सरकारी हात पुढे सुटला, तरी फळा राहिला. हुकूमशाहीच्या काळातल्या फार थोड्या गोष्टी स्पेनच्या लोकांनी आवडीने जपल्या असतील. त्यांतली ही एक.

मराठी माणसाला ही कल्पना परकी नाही. खानावळीचे ताट, स्टेशनसमोरच्या हॉटेलातली राईस प्लेट, मर्यादित थाळी हे सगळे ठरीव दराचेच जेवण. फरक एवढाच की आपल्याकडे ठरीव दर म्हणजे पोटापुरते आणि ऐटीचे जेवण त्याहून निराळे, अशी मनात पक्की वाटणी असते. राईस प्लेट मागणाऱ्याला वातानुकूलित दालनाचे दार सहसा दाखवले जात नाही. बार्सिलोनात रात्री जी मेजे, जे पेले आणि ज्या खुर्च्या, त्याच दुपारी. आचारीही तोच असतो.

मग हॉटेलवाल्याला हे परवडते कसे? पदार्थ मोजके असतात, त्यामुळे सकाळी बाजारात जे ताजे आणि रास्त भावात मिळेल त्यावर बेत आखता येतो. उरलेली भाजी उद्याच्या सूपमध्ये जाते. स्वयंपाक बराचसा आधीच झालेला असतो, म्हणून गिऱ्हाईक ताटकळत नाही आणि एकेका मेजावर दुपारभरात दोन पंगती उठतात. दुपारी भाडे आणि पगार भागवायचे, रात्री नफा कमवायचा, असे हे गणित आहे. यात काटकसर आहे, कंजुषी नाही; हा फरक घर चालवणाऱ्या बाईला समजावून सांगावा लागत नाही.

ऐटीच्या जागांची तर त्या शहरात रेलचेल आहे. मोन्सिओ नावाच्या अरुंद गल्लीत ‘एल्स क्वात्रे गात्स’ आहे, म्हणजे ‘चार मांजरे’. कातालान भाषेत ‘चार मांजरे’ म्हणजे आपली ‘चार टाळकी’. जिथे फारसे कुणी फिरकत नाही अशी जागा. ज्या इमारतीत ते आहे ती वास्तुशिल्पी जोसेप पुच इ कादाफाल्क यांनी बांधली. 1897 साली उघडलेल्या या हॉटेलात शहरातले चित्रकार जमू लागले, आणि 1900 साली कोवळ्या पिकासोच्या चित्रांचे प्रदर्शन तिथे भरले. त्याने हॉटेलच्या मेनूकार्डासाठी चित्रही काढून दिले होते. हॉटेलचे चालक पेरे रोमेऊ आणि चित्रकार रामोन कासास दोघांच्या सायकलवर बसून पायडल मारताहेत असे कासासने रंगवलेले मोठे चित्र तिथल्या भिंतीवर होते. मूळ चित्र आता शहरातल्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. चार टाळक्यांचे भाकीत मात्र खरे ठरले, आणि 1903 साली हॉटेल बंद पडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते जुन्या थाटात पुन्हा उघडले.

त्याहून जुने ‘कान कुल्येरेतेस’ 1786 सालचे. आधी ते चॉकलेट आणि गोड पदार्थांचे दुकान होते. गर्दी वाढली की चमचे कमी पडत आणि आतल्या मुलींना ‘कुल्येरेतेस!’ म्हणजे ‘चमचे आणा!’ अशी हाक जाई, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. भिंतींवर जुनी चित्रे आणि येऊन गेलेल्या नामवंतांचे सहीचे फोटो आहेत. अशा जुन्या, नावाजलेल्या जागाही आठवड्याच्या दिवसांत दुपारी ठरीव जेवण ठेवतात का, हे दारावरची पाटी पाहून कळते. पाटी नसेल तर नि:संकोच विचारावे. विचारण्यात कमीपणा तिथे कुणी मानत नाही.

आता ताटाकडे वळू या. पहिल्या वाढपात बहुधा भाजी, कडधान्य, सूप, सॅलड किंवा भात असतो. सर्वांत आधी येतो पाव. भाजलेल्या पावावर पिकलेला टोमॅटो चोळतात, वर मीठ आणि ऑलिव्हच्या तेलाची धार. याचे नाव ‘पा अम्ब तोमाकेत’. इथला ‘पा’ आणि आपला ‘पाव’ हे दोन्ही एकाच लॅटिन शब्दाची नातवंडे. आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या वाटेने आला. टोमॅटो मात्र तिथलाही नव्हे. तो अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात स्पेनला पोचला, त्याच शतकात तिथूनच निघालेली मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून भारताच्या किनाऱ्याला लागली. आज ज्याला भूमध्यसागरी चव म्हणतात आणि ज्याला अस्सल मराठी झणका म्हणतात, ते दोन्ही एका अर्थी एकाच गावचे पाहुणे.

‘एस्कालिवादा’ समोर आली की मराठी बाईला भरीत आठवल्याशिवाय राहणार नाही. वांगी, लाल ढोबळी मिरची आणि कांदा आख्खे भाजतात, साल काढून लांब पट्ट्या करतात आणि मीठ-तेल लावून गारच खातात. फोडणी नाही, हिरवी मिरची नाही, दाण्याचे कूट नाही. पहिल्या घासाला अळणी वाटते. तिसऱ्या घासाला भाजल्याचा धुरकट गोडवा जिभेवर येतो. पालकाची भाजी बेदाणे आणि चिलगोजे घालून परततात. उन्हाळ्यात कच्च्या टोमॅटोचे थंडगार गाझपाचो सूप मिळते, हिवाळ्यात मसुरीची दाट आमटी. गुरुवारच्या फळ्यावर पाएया नावाचा केशरी भात हटकून असतो. गुरुवारच का, याच्या कथा प्रत्येक हॉटेलात वेगळ्या. आणि ‘फिदेउआ’ तर शेवयांचाच प्रकार आहे. बारीक तुकड्यांच्या शेवया तेलावर तांबूस परतून माशाच्या पाण्यात शिजवतात आणि लसूण-तेल खलात घोटून केलेल्या पांढऱ्याशुभ्र ‘अल्योली’बरोबर वाढतात. शेवयांच्या उपम्यावर वाढलेल्या मुलाला तो समजावून सांगावा लागत नाही.

दुसऱ्या वाढपात मासे, कोंबडी नाहीतर मांस येते. खारवलेला कॉड मासा तिथे फार लाडका. सुके बोंबील आणि खारे बांगडे खाणाऱ्या कोकण्याला त्याचे अप्रूप वाटायचे नाही. गोडात ‘क्रेमा कातालाना’ चुकवू नये. अंडे-दुधाच्या दाट खिरीला लिंबाच्या सालीचा आणि दालचिनीचा वास, वर साखर जाळून केलेला काचेसारखा पापुद्रा. चमच्याने तो टचकन फोडायचा. अंडे नको असेल तर ‘मेल इ मातो’ घ्यावे, म्हणजे ताज्या मऊ चीजवर मध.

आपल्याकडच्या मोठ्या शहरांतल्या ‘मेडिटेरेनियन’ हॉटेलांत जेवून आलेल्यांना इथे हमस आणि फलाफल शोधूनही सापडणार नाही, म्हणून हिरमुसायला नको. ते लेबनॉन-सीरियाच्या बाजूचे पदार्थ. हा त्याच समुद्राचा दुसरा काठ. युनेस्कोने 2010 साली भूमध्यसागरी आहाराला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले तेव्हा स्पेनबरोबर ग्रीस, इटली आणि मोरोक्को होते. 2013 साली सायप्रस, क्रोएशिया आणि पोर्तुगाल आले. या आहाराला आरोग्यदायी म्हणून प्रसिद्धी मिळाली ती अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांच्या, 1958 साली सुरू झालेल्या सात देशांच्या अभ्यासातून. गंमत अशी की त्या सात देशांत स्पेन नव्हताच. युनेस्कोने वारसा म्हणून गौरवले त्यात तेल, भाजी आणि मासे जितके आहेत, तितकेच एकत्र बसून जेवणेही आहे. ही गोष्ट आहाराचे तक्ते छापणारे बहुधा वगळतात.

शाकाहारी कुटुंबाने मात्र सावध राहावे. भाजी म्हटली की ती शाकाहारीच, हे समीकरण स्पेनमध्ये चालत नाही. मिश्र सॅलडवर ट्यूना मासा आणि अंडे असते, पालकात कधी डुकराच्या मांसाचे तुकडे सापडतात, मसुरीच्या आमटीत चोरीझो नावाचा सॉसेज शिजलेला असतो, आणि साध्या दिसणाऱ्या भातात माशाचे पाणी. ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढे सांगून भागत नाही. पुष्कळ वेटर मासा म्हणजे मांस नव्हे असेच समजतात. त्यापेक्षा ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस नको, हॅम नको, मासा नको, असे तिन्ही मोजून सांगावे. दुसऱ्या वाढपात काहीच जमण्यासारखे नसेल तर पहिल्या वाढपातलेच दोन पदार्थ देता का, असे विचारावे. बरेच जण हसत देतात. 2014 च्या डिसेंबरपासून युरोपीय कायद्याने हॉटेलांना चौदा प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. त्यात अंडे, दूध, मासे, शेंगदाणे येतात, पण मांस येत नाही, हे लक्षात ठेवावे. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांची अडचण खरीच मोठी आहे. त्यांना पाव, फळे आणि चीज यांवर भागवण्याची तयारी ठेवावी लागेल.

चालीरीती साध्या आहेत. आत शिरताना ‘बोन दिया’ म्हणावे. एक मेनू दोघांत वाटून खाणे चालत नाही; लहान मुलासाठी काही सोय आहे का, हे बसण्याआधीच विचारावे. वाइन नको असेल तर पाणी घ्यावे. 2022 च्या एका कायद्याने नळाचे साधे पाणी फुकट देणे हॉटेलांना बंधनकारक केले आहे. फुटपाथवरच्या मेजासाठी काही जण जादा आकार लावतात, तोही पाटीवर लिहिलेला असतो. टिपेची सक्ती नाही. दोन नाणी ठेवली तरी पुरे. आणि बिल आपणहून येत नाही. आपल्याकडच्या मंडळींना वाटते वेटर विसरला, की दुर्लक्ष करतो आहे. तिथे न मागता बिल आणणे म्हणजे ‘उठा आता’ असे सांगणे. जेवण झाल्यावर गप्पा मारत बसण्याला त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे, ‘सोब्रेताउला’. पर्यटन कंपनीच्या बसमधून उतरून चाळीस मिनिटांत जेवण उरकणाऱ्यांच्या वाट्याला नेमके हेच येत नाही. रात्री भारतीय हॉटेलात पनीर आणि डाळ ठरलेलीच असते. निदान दुपार मोकळी मिळेल तेव्हा डब्यातले थेपले थोडे मागे ठेवायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र पाहुण्याने जाणून असावी. हा फळा आता पूर्वीइतका निर्धास्त राहिलेला नाही. 2022 आणि 2023 च्या दुष्काळाने ऑलिव्हचे पीक घसरले आणि तेल इतके कडाडले की 2024 च्या जुलैमध्ये स्पेनच्या सरकारला त्यावरचा कर तात्पुरता शून्यावर आणावा लागला. ज्या स्वयंपाकघरात सगळे काही त्याच तेलात होते, तिथे याचा अर्थ काय, हे सांगायला नको. त्यातच घरांची आणि दुकानांची भाडी वाढली. जुन्या शहरात दुपारचे घरगुती जेवण देणाऱ्या जागा कमी होत गेल्या आणि पाएयाची रंगीत छायाचित्रे लावून दिवसभर पर्यटकांना बसवणाऱ्या वाढल्या. 6 जुलै 2024 ला बार्सिलोनाचे हजारो रहिवासी मोर्चाने रस्त्यावर उतरले, आणि त्यांतल्या काहींनी हॉटेलांच्या बाहेर जेवत बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या. त्यांचा मूळ राग घरांच्या भाड्यावर होता. त्याआधी दोनच आठवडे महापौरांनी जाहीर केले होते की पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या 10,101 फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर 2028 पर्यंत संपुष्टात आणले जातील. पिचकारी खाणाऱ्या पाहुण्याचा व्यक्तिशः गुन्हा काहीच नसतो. पण ज्या मेजावर गावातला माणूस रोज जेवत होता ते त्याला परवडेनासे होते, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर येतो तो तिथे बसलेला परकाच.

म्हणून जेवायला कुठे बसायचे याला महत्त्व आहे. रांब्ला या गजबजलेल्या हमरस्त्यावर छायाचित्रांचा फलक घेऊन बोलावणारा माणूस दारात उभा असेल, तर सरळ पुढे चालू लागावे. ग्रासिया, सान्त आंतोनी, पोब्लेनोऊ, सान्त्स अशा राहत्या वस्त्यांत भुयारी रेल्वेने दहा-पंधरा मिनिटांत जाता येते. तिथे ज्या हॉटेलात दोनच्या सुमाराला ऑफिसातली माणसे आणि पिशव्या घेऊन आलेल्या आजीबाई दिसतील, तिथे शिरावे. फळा फक्त कातालानमध्ये लिहिलेला असेल तर उत्तम. वेटरला विचारत विचारत, शेजारच्या मेजावर बोट दाखवत जेवण मागवण्यात मुलांना जी मजा येते ती छापील इंग्रजी मेनूत नाही.

बेत सोमवार ते शुक्रवारमध्येच आखावा. शनिवार-रविवारी आणि सणावारी हा मेनू बहुतेक ठिकाणी मिळत नाही, मिळाला तर दर चढा असतो. साडेतीननंतर पोचल्यास स्वयंपाकघर बंद झालेले असण्याचा संभव असतो, आणि रात्रीचे जेवण तिथे नऊच्या आत क्वचितच सुरू होते. लहान मुले बरोबर असतील तर दुपारचेच जेवण भरपेट करून रात्री फळे आणि पाव यांवर भागवणे सोपे पडते.